सेल बदलला म्हणजे झाले?

किल्लीच्या घड्याळाची निगा राखावी लागते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागले नाही. रात्रीची जेवणे आटोपली की घरातले वडीलधारे गृहस्थ मनगटावरचे घड्याळ काढीत, क्षणभर कानाशी धरीत आणि ठरलेले पीळ देऊन ते मेजावर ठेवीत. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, हा घरचा अलिखित कायदा असे. तीन-चार वर्षांनी ते ‘ऑइलिंग’ला जाई, आणि परत येईपर्यंत साऱ्या घराचे वेळापत्रक रेडिओच्या बातम्यांवर चाले. मग क्वार्ट्झचे घड्याळ आले आणि हे सोपस्कार एकदम संपले. किल्ली नको, ऑइलिंग नको, रोजचे मागेपुढे करणे नको. दोन-तीन वर्षांनी ते थांबले की कोपऱ्यावरच्या दुकानात जावे, सेल बदलून घ्यावा आणि उभ्या उभ्या परत यावे.

साध्या घड्याळापुरता हा हिशेब अगदी बरोबर आहे. ते फार बिघडलेच तर आपण दुसरे घेतो; त्याची दुरुस्ती करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. पण अलीकडे मध्यमवर्गीय घरांतून आणखी एक प्रकारचे क्वार्ट्झ घड्याळ शिरू लागले आहे. जावयाचा पहिला दिवाळसण असतो, मुलीला पहिली मोठी नोकरी लागलेली असते, किंवा घरच्या कर्त्या पुरुषाला निवृत्तीच्या वेळी काहीतरी आठवणीचे द्यावे असे मुलांच्या मनात येते. नवे स्विस घड्याळ परवडणारे नसते. मग कोणीतरी वापरलेले ओमेगा, लाँजीन किंवा कार्तिए सुचवतो, आणि तेही क्वार्ट्झ. कारण ते त्याच कंपनीच्या किल्लीच्या घड्याळापेक्षा बरेच स्वस्त पडते. विकणारा हसतमुखाने सांगतो, “ह्याला काही करावंच लागत नाही साहेब. सेल बदलला म्हणजे झालं!”

ह्या एका वाक्यापायी अनेकांनी चांगली घड्याळे हातची घालवली आहेत. म्हणून त्या झाकणाखाली काय असते आणि त्याला कोणत्या काळजीची गरज असते, हे एकदा नीट पाहू या.

श्रीमंताघरचे मूल

क्वार्ट्झ म्हणजे स्वस्त, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की त्याचा जन्म कुठे झाला हे सांगितले तर नवल वाटते. पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकिओत विक्रीला आले. सेको कंपनीचे ‘अ‍ॅस्ट्रॉन’ ते हेच. त्याची केस सोन्याची होती आणि किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत त्या काळी जपानात एक लहान मोटार येत असे. स्वित्झर्लंडही स्वस्थ बसले नव्हते. न्यूशातेल येथे अनेक कंपन्यांनी मिळून चालविलेल्या संशोधन केंद्रात ‘बीटा २१’ नावाचे मशीन सिद्ध झाले, आणि १९७० साली ओमेगा, रोलेक्स, पाटेक फिलिप ह्यांच्यासारख्या घराण्यांनी ते आपल्या भारी किमतीच्या घड्याळांत बसवले.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. जपानी कारखान्यांनी आणि हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी किमती झपाट्याने खाली आणल्या. स्विस घड्याळधंद्यात १९७० साली सुमारे नव्वद हजार माणसे होती. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती निम्म्याहूनही कमी झाली. पण ह्या पडझडीतही नामांकित कंपन्यांनी क्वार्ट्झ सोडले नाही. रोलेक्सने १९७७ साली स्वतःच्या कारखान्यातले मशीन घालून ‘ऑइस्टरक्वार्ट्झ’ काढले आणि ते या शतकाच्या आरंभापर्यंत चालू ठेवले. ओमेगाचे १९८२ सालचे ‘कॉन्स्टेलेशन’ – काचेच्या दोन बाजूंना पंज्यासारखी चार नखे असलेले – क्वार्ट्झच होते, आणि ती नखे तेव्हा नुसती शोभेची नव्हती; काच खालच्या रिंगवर घट्ट दाबून धरण्याचे काम ती करीत.

आपल्याकडेही ह्याचे पडसाद उमटले. बंगळूरच्या एचएमटीने १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घरोघरी किल्लीचे घड्याळ पोचवले आणि तिचा मुख्य भर पुढेही किल्लीवरच राहिला. १९८४ साली टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन काढली. तिने पहिल्यापासून क्वार्ट्झवर भिस्त ठेवली. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास २०१६ साली केंद्र सरकारने मान्यता दिली, एवढ्यावरून निकाल कळावा.

गंमत अशी की हौशी संग्राहकांचे मन पुढे पुन्हा किल्लीच्या घड्याळाकडे वळले. चाके फिरताना दिसावीत, स्प्रिंग श्वास घेताना दिसावी, अशी त्यांची आवड. त्यामुळे वापरलेली उंची क्वार्ट्झ घड्याळे मागे पडली, आणि म्हणूनच ती आपल्या आवाक्यात आली. केस तीच, काच नीलमण्याच्या जातीची तीच, कारागिरीही तीच. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त त्यात एक मेख आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

झाकणाखाली

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी ज्या कुळातली त्या कुळातला स्फटिक. ह्या स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज उत्पन्न होते, असे पिएर आणि झाक क्युरी ह्या बंधूंनी १८८० साली दाखवले. आणि उलट, त्याला वीज दिली की तो कंप पावतो. घड्याळात ह्या स्फटिकाचा एक इवलासा दोन पायांचा चिमटा कोरून, हवा काढून घेतलेल्या बंद नळीत बसवलेला असतो. सेलची वीज मिळताच तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा असा विचित्र का, हे घरातल्या शाळकरी मुलाला विचारून पाहावे. ३२,७६८ ची निम्मे, त्याची निम्मे, असे पंधरा वेळा करीत गेले की बरोबर १ उरतो. घड्याळातले सर्किट नेमके हेच करते: पंधरा वेळा निम्मे करून सेकंदाला एक ठोका काढते.

येथपर्यंत सारे विजेचे काम. आणि येथपर्यंतच आपण क्वार्ट्झ घड्याळाचा विचार करतो. पण काटे विजेने आपोआप फिरत नाहीत. तो एक ठोका तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात जातो; ही तार आपल्या केसाहूनही बारीक असते. वेटोळ्यात क्षणभर चुंबकत्व येते आणि शेजारचे मोहरीएवढे चुंबकी चाक अर्धा फेरा फिरते. त्याला जोडलेले दातेरी चाक, त्याला जोडलेले दुसरे, असे करीत सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. ही चाके किल्लीच्या घड्याळातल्या चाकांसारखीच आसांवर फिरतात. उंची मशीनमध्ये त्या आसांची टोके माणकांच्या खाचांत बसवलेली असतात आणि तेथे तेलाचा सूक्ष्म थेंब असतो. म्हणजे ज्याला आपण बिनतेलाचे घड्याळ समजत होतो, त्यातही तेल आहेच.

आता फरक लक्षात घ्या. किल्लीच्या घड्याळात पोलादी स्प्रिंग चाकांना सदोदित ढकलत असते. तेल थोडे वाळले तरी ती रेटून नेते. आसांची टोके झिजतात, पण घड्याळ चालत राहते. क्वार्ट्झमधली ती विजेची मोटार फारच अशक्त असते. सारे घड्याळ मिळून एका अँपियरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास वीज खाते, म्हणून तर वाटाण्याहून लहान सेल वर्षानुवर्षे पुरतो. एवढ्या ताकदीच्या मोटारीसमोर तेलाचा चिकट थर किंवा धुळीचा एक कण आला की तिचे पाऊल अडखळते. अनेक चांगल्या मशीनमध्ये अशी सोय असते की चाक अडले तर सर्किट जास्त जोराचा ठोका देते. घड्याळ चालू राहते, मालकाला काही कळत नाही. फक्त सेल लवकर संपतो.

म्हणून सेल किती टिकला ह्याची नोंद ठेवणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी सवय आहे. तीन वर्षे जाणारा सेल एकाएकी आठ-दहा महिन्यांत संपू लागला, तर दोष बहुतेक सेलचा नसतो. त्या घड्याळाला सर्व्हिसिंग हवे आहे. दुकानदाराने लागोपाठ दोनदा सेल बदलून दिला म्हणजे त्याने उपकार केला असे समजू नये.

मेलेला सेल

क्वार्ट्झ घड्याळाचा खरा शत्रू कोण, असे विचारले तर कोणी पाणी म्हणेल, कोणी धक्का म्हणेल. माझ्या मते तो मान आत राहिलेल्या मेलेल्या सेलचा आहे. सेलमध्ये तीव्र क्षार असतो. सेल संपून तसाच पडून राहिला की त्याच्या कडेची बारीक रिंग दम सोडते आणि तो क्षार पाझरू लागतो. प्रथम पांढुरका, मग हिरवट थर दिसतो. तो सर्किटच्या तांब्याच्या रेघा खातो, वेटोळ्याची तार खातो. थर वेळीच दिसला तर कुशल माणूस तो साफ करू शकतो. तार तुटली किंवा सर्किट गेले तर नुसत्या सफाईचा उपयोग नाही.

तेव्हा घड्याळ थांबले की आठवड्याभरात सेल काढलाच पाहिजे. नवा घालायचा नसेल तरीही जुना आत राहता कामा नये. अनेक स्विस मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंदकाटा एकेक घर न जाता चार-चार सेकंदांची उडी मारू लागतो. काही जपानी घड्याळांत ती उडी दोन सेकंदांची असते. पुष्कळ जण हे पाहून घाबरतात, घड्याळ बिघडले म्हणतात. ती केवळ सूचना आहे. पण ज्या घड्याळाला सेकंदकाटाच नाही – आणि नाजूक, उंची घड्याळे बहुधा दोन काट्यांचीच असतात – त्याला सूचना देता येत नाही. तेथे थांबण्याची वाट न पाहता तारीख पाहून सेल बदलावा.

सेल कोणता घालतात, हेही पाहावे. मनगटी घड्याळासाठी सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्टचा सेल असतो. त्याची ताकद शेवटपर्यंत जवळपास सारखी राहते. त्याच मापाचा साधा अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो, पण त्याची ताकद हळूहळू उतरत जाते आणि तो गळण्याची भीती अधिक. सेलवरील अक्षरांत शेवटी ‘एसडब्ल्यू’ असेल तर तो काट्यांच्या साध्या घड्याळासाठी. नुसते ‘डब्ल्यू’ असेल तर दिवा किंवा गजर असलेल्या घड्याळासाठी. थोडक्या रुपयांच्या फरकासाठी हजारोंचे घड्याळ धोक्यात घालू नये. आणि सेल बदलताना कारागीर धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू धरतो की प्लास्टिकच्या, हे पाहिले म्हणजे त्याची पारख होते. धातूच्या चिमट्याने सेलचे दोन ध्रुव जोडले जातात आणि नवा सेल बसवण्यापूर्वीच वाया जाऊ लागतो. झाकण उघडायला तो हत्यार कोणते घेतो तेही बघावे. भाजीच्या सुरीने झाकण उचकटणारा महाभाग भेटला, तर सलाम करून परत फिरावे. त्याचा स्क्रूड्रायव्हर निसटून वेटोळ्याच्या तारेला लागला तर मशीन तेथेच संपते.

(काढलेला सेल टेबलावर टाकून देऊ नये. लहान मुले तो गोळीसारखा गिळतात आणि ते अतिशय धोक्याचे असते. असे घडले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.)

“मशीन बदलून टाका”

आमच्या एका स्नेह्यांनी थोरल्या जावयाच्या दिवाळसणासाठी असेच एक स्विस क्वार्ट्झ घड्याळ घेतले होते. वापरलेले, पण देखणे. संक्रांतीपर्यंत ते दोनदा थांबले. सणाला दिलेली वस्तू. जावई सभ्य, तो काही बोलला नाही, पण मुलीने हळूच आईच्या कानावर घातले. स्नेही घड्याळ घेऊन एका दुकानात गेले. तेथल्या तरुणाने झाकण उघडून आत पाहिले न पाहिले आणि म्हणाला, “साहेब, ह्यात वेळ घालवू नका. मशीन बदलून टाका. अर्ध्या तासात देतो, वर्षाची गॅरंटी.”

आता ह्या तरुणाचे म्हणणे सरसकट चूक नव्हते. साध्या क्वार्ट्झ घड्याळाच्या बाबतीत मशीन बदलणे हीच दुरुस्ती. पूर्ण सफाईची मजुरी नव्या मशीनच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते. इतकेच काय, पुष्कळ स्विस कंपन्यांच्या घड्याळांतून ई.टी.ए. ह्या एकाच कारखान्याची मशीन असत, आणि त्यांतील एखादे बिघडले तर त्याच जातीचे नवे बसवणे हा राजमान्य मार्ग आहे. प्रश्न असतो तो त्याच जातीच्या मशीनचा. त्या दुकानात जे बसवणार होते ते मापात जुळणारे कोणते तरी. काटे बसले असते, तारीख खिडकीत दिसली असती, घड्याळ चालले असते. फक्त ते आता त्या नावाचे घड्याळ राहिले नसते. पुढे विकायला काढले असते तर झाकण उघडताच किंमत कोसळली असती.

स्नेह्यांनी विचार करतो म्हणून घड्याळ परत घेतले आणि दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे नेले. त्याने ते एका छोट्या यंत्रावर ठेवले. ठोका येतो आहे, म्हणजे स्फटिक आणि सर्किट जिवंत. वेटोळ्याची तार शाबूत. पण वीज नेहमीच्या दुपटीहून अधिक खाल्ली जात होती. “मशीन चांगलं आहे साहेब,” तो म्हणाला, “नुसतं वाळलंय. आठ दिवस ठेवून जा.”

त्या आठ दिवसांत काय होते ते सांगितले पाहिजे, कारण पैसे कशाचे मागतात हे त्याशिवाय कळत नाही. काटे आणि तबकडी उतरवतात. येथेच ओरखडा पडण्याची भीती सर्वांत जास्त. सर्किट आणि वेटोळे वेगळे काढून ठेवतात, कारण ते धुण्याच्या द्रवात घालायचे नसतात. चाके, पट्ट्या धुतात. चुंबकी चाकाला लोखंडाची सूक्ष्म धूळ चिकटलेली असते, ती नुसत्या धुण्याने निघत नाही; मऊ पुटीवर दाबून कण कण काढावी लागते. मग जुळणी, मोजक्या ठिकाणी सुईच्या अग्रावर मावेल इतके तेल, पुन्हा यंत्रावर परीक्षा, नव्या रबरी रिंगा आणि शेवटी हवेच्या दाबाची चाचणी. किल्लीच्या घड्याळाच्या मानाने भाग कमी असतात, पण हात तेवढाच सावध लागतो. असे सर्व्हिसिंग पाच ते आठ वर्षांनी करावे, असे बहुधा सांगितले जाते. रोज मनगटावर असणारे घड्याळ पाचच्या जवळ न्यावे, अधूनमधून घालायचे आठच्या.

स्नेह्यांचे घड्याळ तेव्हापासून थांबलेले नाही. जावयाला ह्यातले काही ठाऊक नाही, आणि तसेच राहू द्यावे असे घरात ठरले आहे.

ती मेख

वर मी एका मेखेचा उल्लेख केला. ती अशी. शंभर वर्षांपूर्वीचे खिशातले घड्याळ आजही दुरुस्त होते. त्याचे एखादे चाक झिजले, आस मोडली, तर कुशल माणूस लेथवर तसाच भाग घडवू शकतो. चाळीस वर्षांच्या क्वार्ट्झ घड्याळाचे सर्किट गेले तर ते कोणाला घडवता येत नाही. मग कंपनीकडे तो भाग शिल्लक असणे किंवा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून तो काढणे, एवढेच उपाय उरतात. वेटोळे पुन्हा गुंडाळणारे काही थोडे कारागीर जगात आहेत, पण त्यांच्यापर्यंत आपले घड्याळ पोचणे सोपे नाही.

म्हणून जुने क्वार्ट्झ घेताना ‘किती जुने?’ ह्या प्रश्नापेक्षा ‘आत कोणते मशीन आणि त्याचे भाग मिळतात का?’ हा प्रश्न मोठा. बीटा २१ च्या पिढीची घड्याळे इतिहास म्हणून थोर आहेत. ती ज्यांना कपाटात ठेवून पाहायची आहेत त्यांनी घ्यावीत. रोलेक्सच्या ऑइस्टरक्वार्ट्झचे मशीन खास त्याच घड्याळासाठी बनलेले, आणि त्याचे उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षे झाली. सर्व्हिसिंग कोण करील आणि सर्किट मिळेल का, हे आधी लेखी विचारल्याशिवाय त्यात पैसे गुंतवू नयेत. उलट ज्यात ई.टी.ए.चे खूप खपलेले मशीन आहे, ते घड्याळ दिसायला तितके अद्भुत नसेल, पण संसारी माणसाला तेच बरे.

झाकण आपल्यासमोर उघडून दाखवायला जो विक्रेता तयार नसेल त्याच्याकडून घेऊच नये. उघडल्यावर मशीनवर कंपनीचे नाव आणि क्रमांक आहे का, सेलच्या खोबणीत हिरवट डाग आहे का, हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते. काटे पुढेमागे फिरवून पाहावेत, रात्री बाराला तारीख बदलते का हे पाहावे आणि जमले तर एक दिवस ठेवून घेण्याची अट घालावी. सेकंदकाटा खुणेवर अगदी नेमका पडत नाही म्हणून लगेच नकली ठरवू नये. चांगल्या घड्याळांतही थोडा फरक असतो. मात्र तबकडी अति नवी, अति चकचकीत दिसली तर सावध व्हावे. नव्याने रंगवलेल्या तबकडीच्या आणि इकडचे तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक चक्क ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ही कीर्ती बहुतांशी किल्लीच्या घड्याळांनी मिळवली असली, तरी नामांकित तबकडीखाली बाजारातले स्वस्त क्वार्ट्झ मशीन घालणारेही आहेतच. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भटकण्याची मजा आहे. पण दिवाळसणाची खरेदी तेथे करू नये.

अधिकृत केंद्रात न्यावे की बाहेर? अधिकृत केंद्रात भाग खरा मिळतो आणि दाबाची चाचणी नक्की होते; पण खर्च जुन्या घड्याळाच्या किमतीच्या मानाने डोळ्यांत भरण्याजोगा असू शकतो. म्हणून घड्याळ घेण्यापूर्वीच फोन करून सर्व्हिसिंगचा दर विचारावा आणि तो किमतीत मिळवूनच सौद्याचा विचार करावा. बाहेर देणार असाल तर मशीनचा क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. पॉलिशला मात्र नाही म्हणावे. एका पॉलिशने ओरखडे जातात, तशा केसच्या धारदार कडाही जातात, आणि त्या परत येत नाहीत.

पावसाळा आणि बाकीच्या गोष्टी

मागे ‘३० मीटर’ लिहिलेले पाहून पोहायला जाणारे आहेत. तो आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा. व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील इतकाच. आणि तोही रिंगा नव्या असताना. वापरलेल्या घड्याळातल्या रबरी रिंगा कडक किंवा चपट्या झालेल्या असतात. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरली की समजावे, हवा आत जाते आहे. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरण्याचा घरगुती उपाय करू नये. त्यात धूळ आणि पीठ मात्र मिळते. त्याच दिवशी उघडून वाळवून घ्यावे. सेल बदलताना मागची रिंग बदलून मागावी, तिला नाममात्र पैसे पडतात.

लोहचुंबकाची भीती थोडी कमी करता येईल. पर्सचे चुंबकी बटण, मोबाइलचे चुंबकी कव्हर, रेडिओचा स्पीकर ह्यांच्या अगदी जवळ क्वार्ट्झ घड्याळ ठेवले तर ते थांबते किंवा मागे पडते. दूर नेले की बहुधा पुन्हा चालू लागते. वेळ लावून घ्यावी, झाले. वेळेच्या बाबतीत साधे क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंत मागेपुढे झाले तर ते निरोगी समजावे.

कपाटातली घड्याळे

शेवटी आमच्या भगिनींसाठी. घरातले सर्वांत उंची क्वार्ट्झ घड्याळ पुष्कळदा स्त्रियांचेच असते: बांगडीसारखे, सोन्याच्या मुलाम्याचे, लग्नकार्यातच निघणारे. ते लहान म्हणून त्याचा सेल लहान, म्हणून तो लवकर संपतो. त्याला सेकंदकाटा नाही, म्हणून कळत नाही. आणि ते पैठणीच्या घडीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये पडून असते, म्हणून थांबलेले कोणी पाहत नाही. पुढच्या लग्नाला काढावे तो आत हिरवा थर.

किल्लीचे बटण बाहेर ओढून ठेवले की सेल वाचतो, असे सांगतात. अनेक मशीनमध्ये त्याने मोटार थांबते आणि वीज खरोखरच कमी खर्च होते. चार-सहा दिवसांसाठी हा उपाय ठीक आहे. पण बटण ओढलेल्या घड्याळात ओल आणि धूळ शिरण्याची वाट उघडी राहते, आणि सेल गळायचा तो गळतोच. वर्ष-दोन वर्षे ठेवायचे असेल तर सेल काढून, बटण आत दाबून, झाकण लावून ठेवावे, आणि त्याच पेटीत एका चिठ्ठीवर सेलचा क्रमांक, काढल्याची तारीख आणि शेवटच्या सर्व्हिसिंगचे साल लिहून ठेवावे. दिवाळीच्या सफाईला कपाटे उघडतातच. पणत्यांच्या पेटीबरोबर ह्या पेट्याही खाली काढल्या, तर लग्नसराईच्या आधी कारागिराकडे जायला महिनाभर हाताशी राहतो.